'उघडत नाही' : वैद्यकीय नियतकालिकांच्या व्यवहाराची भाषा

एखाद्या व्यवसायात मूलभूत बदल घडून आला की त्याची पहिली खूण पुष्कळदा त्या व्यवसायातील क्रियापदांत उमटते. नामे जुनीच टिकून राहतात. त्यांच्याभोवतीची क्रिया मात्र पालटलेली असते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या व रुग्णालयांच्या ग्रंथालयांत असेच घडले आहे. 'नियतकालिक', 'अंक', 'वर्गणी' ही नामे पूर्वीचीच आहेत. परंतु नियतकालिक छापील होते तेव्हा ग्रंथालय ते 'लावीत' असे किंवा 'घेत' असे. अंक टपालाने 'येत' असे. वर्ष संपले की अंक एकत्र 'बांधले' जात आणि तो खंड फडताळात 'राहत' असे. आज त्याच ग्रंथालयात लेख 'दिसतो', 'उघडतो', 'उतरवून घेता येतो'. किंवा 'उघडत नाही'.

'लेख उघडत नाही' हे वाक्य वरवर पाहता निरुपद्रवी आहे. त्याची चिकित्सा केली असता मात्र असे दिसून येते की, वैद्यकीय ज्ञानाच्या सध्याच्या व्यापाराविषयीची बहुतेक गैरसमजूत या तीन शब्दांत साठलेली आहे. मराठीत 'उघडणे' हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'त्याने दार उघडले' आणि 'दार उघडले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पावसाळ्यात फुगलेले दार 'उघडत नाही' असे म्हटले जाते, कारण तेथे दोष दाराचा किंवा हवेचा असतो; कोणा माणसाचा नसतो. परंतु दाराला कुलूप असेल तर मराठी बोलणारा 'दार उघडत नाही' एवढे म्हणून थांबत नाही. तो 'दाराला कुलूप आहे' असे म्हणतो आणि पुढच्याच श्वासात 'किल्ली कोणाकडे आहे?' असे विचारतो. वैद्यकीय लेखाच्या बाबतीत वस्तुस्थिती कुलपाची आहे. भाषा मात्र फुगलेल्या दाराची वापरली जात आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, ही भाषा बदलल्यावाचून ग्रंथालयांची तक्रार नीट मांडलीच जाणार नाही. आणि जी तक्रार नीट मांडली जात नाही तिचे निवारणही होत नाही.

प्रथम 'वर्गणी' हा शब्द घ्यावा. मराठीत वर्गणी ही सामुदायिक कार्यासाठी दिली जाते. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, गावजेवणाची वर्गणी या सर्व प्रयोगांत समान असा एक अर्थ आहे. वर्गणी देणारा हा गिऱ्हाईक नसतो, तो त्या कार्यातील वाटेकरी असतो. वर्गणीचा आकडा सोईने ठरतो. आणि कार्य सिद्धीस गेले की त्याचे फळ सर्वांचे असते. इंग्रजीतील 'सबस्क्राइब' या क्रियापदाचा लॅटिन मूलार्थ 'खाली लिहिणे', म्हणजे एखाद्या लेखाखाली आपले नाव घालून त्यास संमती देणे, असा आहे. दोन्ही भाषांत भागीदारीची कल्पना मुळाशी आहे, आणि विद्वत्सभांच्या नियतकालिकांस ती एके काळी शोभतही होती. हेन्री ओल्डेनबर्ग याने १६६५ मध्ये लंडन येथे 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हापासून पुढे दीर्घकाळ शास्त्रीय नियतकालिके ही मुख्यतः विद्वत्सभांनी चालविलेली होती. लिहिणारे, वाचणारे आणि पैसे देणारे हे एकाच वर्तुळातील लोक होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे वर्तुळ तुटले. शास्त्रीय संशोधनावरील सरकारी खर्च वाढला, संशोधकांची संख्या वाढली आणि नव्या शाखा निघाल्या. या प्रत्येक शाखेस स्वतंत्र नियतकालिक पुरविता येईल आणि विद्यापीठांना ते घ्यावेच लागेल, हे रॉबर्ट मॅक्सवेल याने फार लवकर ओळखले. त्याची पर्गमॉन प्रेस ही संस्था याच धोरणावर वाढली आणि १९९१ मध्ये एल्सव्हिअरने ती ४४ कोटी पौंडांस विकत घेतली. टॉमस वेकली याने १८२३ मध्ये वैद्यक व्यवसायातील मक्तेदारीविरुद्ध लढण्यासाठी काढलेले 'लॅन्सेट' हे साप्ताहिकही त्याच वर्षी त्याच संस्थेकडे गेले. मक्तेदारीचा शत्रू म्हणून जन्मलेले पत्र जगातील सर्वांत मोठ्या शास्त्रीय प्रकाशनसंस्थेच्या मालमत्तेत जमा व्हावे, यात इतिहासाचा काही उपरोध आहे.

या व्यापारास बाजाराचे नेहमीचे नियम लागू पडत नाहीत, याची कारणे स्पष्ट आहेत. एका नियतकालिकातील लेख दुसऱ्यात मिळत नाही. म्हणून महाग नियतकालिकाऐवजी स्वस्त नियतकालिक घेणे हा पर्याय ग्रंथपालापुढे नसतो. वाचणारा निराळा आणि पैसे देणारा निराळा असल्यामुळे वाचकास किंमत जाणवत नाही. लेखकास मोबदला मिळत नाही. लेखाची तपासणी करणारे तज्ज्ञही सामान्यतः विनामूल्य काम करतात; त्यांचे वेतन विद्यापीठे, रुग्णालये आणि सरकारे देतात. तेव्हा मुख्य कच्चा माल फुकट मिळतो आणि तयार माल ज्यांनी तो पुरविला त्यांनाच विकला जातो. एल्सव्हिअरच्या शास्त्रीय व वैद्यकीय विभागाचा नफा काही वर्षी उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक भरला आहे, हे या रचनेचेच फळ होय. यूजीन गारफील्ड यांच्या 'सायन्स सायटेशन इंडेक्स'मुळे १९६४ पासून नियतकालिकांची प्रतवारी लावणे सुलभ झाले. तीवर पुढे पदोन्नती आणि अनुदाने अवलंबू लागली. मग प्रतिष्ठित नियतकालिक बंद करण्याचे धैर्य कोणत्याच ग्रंथालयास उरले नाही.

भारतीय ग्रंथालयांवर या ओझ्याचा आणखी एक भार पडला. किंमती पौंडांत आणि डॉलरांत, अंदाजपत्रक रुपयांत. १९६६ च्या जूनमध्ये डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला आणि एका दिवसात परदेशी नियतकालिकांची किंमत निम्म्याहून अधिक वाढली. प्रकाशकाने मात्र एक पैही वाढविली नव्हती. १९९१ च्या जुलैमध्ये पुन्हा हाच अनुभव आला. अशा व्यवहारास 'वर्गणी' म्हणत राहणे म्हणजे ज्याच्या दरावर, अटींवर वा फळावर देणाऱ्याचा काहीएक अधिकार नाही त्या देण्यास भागीदारीचे नाव देणे होय.

छापील अंकाच्या काळी निदान एक गोष्ट निर्विवाद होती. पैसे दिल्यावर वस्तू ग्रंथालयाची होत असे. पुढच्या वर्षी नियतकालिक बंद केले तरी मागील खंड फडताळात राहत. शेजारच्या महाविद्यालयास तो उसना देता येई. बाहेरगावचा वैद्य येऊन तो वाचू शके. संगणकीय जाळ्यावर नियतकालिके आल्यावर विकला जाऊ लागला तो अंक नव्हे, तर ठराविक मुदतीपुरता वाचण्याचा परवाना. त्या परवान्यात कोणी वाचावे, कोठे बसून वाचावे, दुसऱ्या ग्रंथालयास प्रत द्यावी की नाही, याच्या अटी असतात. मागील अंकांवरील कायमचा हक्क करारात वेगळा मागून घेतला नसेल, तर करार संपताच तेही दिसेनासे होतात. तेव्हा या देण्यास मराठीत यथार्थ शब्द 'भाडे' हा आहे. भाड्याच्या घरात राहणारा माणूस आपण घर 'घेतले' असे म्हणत नाही; ग्रंथालयाने मात्र आपण नियतकालिक 'घेतो' असे म्हणण्याची सवय सोडलेली नाही.

याच परवान्यांची घाऊक विक्री १९९६ च्या सुमारास सुरू झाली. एकेक नियतकालिक निवडून घेण्याऐवजी प्रकाशकाची सगळीच नियतकालिके एका रकमेत घ्यावयाची, असा हा करार. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रंथालय-संचालक केनेथ फ्रेझियर यांनी २००१ मध्ये त्यास 'बिग डील' हे नाव दिले आणि त्याचबरोबर ग्रंथालयांस सावधही केले. सुरुवातीस हा सौदा स्वस्त वाटतो, कारण पूर्वी कधीच न घेतलेली शेकडो नियतकालिके हाती येतात; परंतु त्यातील नको ती काढून टाकण्याची मुभा उरत नाही आणि पुढील प्रत्येक वर्षी सर्वच ठेवा किंवा सर्वच सोडा, असा पेच पडतो. मराठी बाजारपेठेत चांगल्या फळांबरोबर डागी फळांची पाटीही गळ्यात बांधणारा विक्रेता ओळखीचा आहे. परंतु त्याच्याजवळून उठून दुसऱ्याकडे जाता येते.

हा इशारा खोटा ठरला नाही. हार्वर्डसारख्या धनाढ्य विद्यापीठाच्या प्राध्यापक-सल्लागार मंडळाने २०१२ च्या एप्रिलमध्ये कळविले की नियतकालिकांवरील वार्षिक खर्च सुमारे ३७ लाख ५० हजार डॉलरांवर गेला आहे, काही नियतकालिकांची वार्षिक किंमत ४० हजार डॉलरांपर्यंत पोहोचली आहे, आणि दोन मोठ्या प्रकाशकांच्या संगणकीय मजकुराची किंमत सहा वर्षांत सुमारे १४५ टक्क्यांनी वाढली आहे. ही स्थिती पुढे चालविता येणार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सव्हिअरशी वाटाघाटी तोडल्या आणि २०२१ च्या मार्चमध्ये नव्या अटींवर करार केला. मधली दोन वर्षे त्या विद्यापीठातील कित्येक नवे लेख 'उघडत नव्हते'; परंतु ते का उघडत नाहीत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे विद्यापीठाने प्रत्येक वाचकास उघडपणे सांगितले होते. तक्रारीचे वाक्य सकर्मक झाले, आणि त्या विद्यापीठाच्या वाटाघाटींस जो जोर आला त्याचे हे एक कारण होते.

वैद्यकाच्या क्षेत्रात या प्रश्नास जे गांभीर्य आहे ते इतर विषयांत सहसा नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची परंपरा या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' ही सूची सुरू केली. तिचीच संगणकीय संतती असलेली 'पबमेड' ही सूची १९९७ पासून जगातील कोणासही विनामूल्य पाहता येते. म्हणून आज गडचिरोलीतील डॉक्टरला आपल्या रुग्णाच्या आजारावर कोणते लेख निघाले आहेत हे लंडनच्या डॉक्टराइतकेच तत्काळ कळते. लेखाचे नाव दिसते, गोषवारा दिसतो. पुढचे दार बंद. सूची खुली आणि मजकूर बंद, ही स्थिती अज्ञानाहून वेगळी आहे; कारण येथे ज्ञान अस्तित्वात असल्याचे वाचकास ठाऊक असते. गोषवाऱ्यावर विसंबून उपचार ठरविणे हा त्यावरील उपाय नव्हे. औषधाची मात्रा, कोणत्या रुग्णांना प्रयोगातून वगळले, दुष्परिणाम किती जणांत आढळले, हा तपशील सामान्यतः आतील तक्त्यांत असतो आणि निर्णय नेमका त्यावरच अवलंबून असतो.

लायबेरियाचे उदाहरण या संदर्भात अविस्मरणीय आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ उसळली आणि तीन देशांत मिळून ११ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या भागात इबोला पूर्वी कधी नव्हता, अशी सर्वसाधारण समजूत होती. परंतु लायबेरियाच्या आरोग्य खात्यातील प्रमुख वैद्यकीय अधिकारी बर्निस डॅन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी २०१५ च्या एप्रिलमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात दाखवून दिले की, १९८२ साली एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लायबेरियातील लोकांच्या रक्तात इबोलाविरोधी प्रतिद्रव्ये आढळल्याचे नमूद होते, आणि लायबेरियाची गणना या विषाणूच्या प्रदेशात करावी असे त्यात सुचविलेही होते. असा एक लेख उतरवून घेण्यास ४५ डॉलर पडत. तेथील डॉक्टरचा तो सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार. किंमत हेच साथीचे कारण होते असे त्यांनी म्हटले नाही आणि तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संशोधनात लायबेरियातील कोणी सहलेखक नव्हता, ही बाबही तितकीच महत्त्वाची. परंतु रक्त लायबेरियाचे, इशारा लायबेरियासाठी, आणि तो वाचण्याचा परवाना मात्र परक्याच्या हाती, हे चित्र पुरेसे बोलके आहे.

महाराष्ट्रासही असा विचार परका नाही. गडचिरोली जिल्ह्यातील स्त्रियांच्या आजारांविषयी राणी बंग यांचा निबंध १९८९ मध्ये, आणि घरोघर नवजात अर्भकांची काळजी घेऊन बालमृत्यू रोखण्याविषयी अभय बंग व सहकाऱ्यांचा निबंध १९९९ मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये आला. दुसऱ्या निबंधाने नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दाखविले. हे ज्ञान खेड्यांतील मातांनी आणि आरोग्यदूतांनी मराठीतून बोलून, मोजून, नोंदवून घडविले होते. ते जगन्मान्य व्हावे म्हणून इंग्रजीत आणि लंडनमध्ये छापणे आवश्यक होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या जिल्ह्यात ते जन्मले तेथील शासकीय रुग्णालयातील डॉक्टरने ते मूळ रूपात वाचावे, ही गोष्ट व्यापाराच्या अटींवर सोडून देण्याजोगी नाही.

यावर जो उपाय सांगितला जातो त्याच्या नावातही असाच अर्थाचा गोंधळ आहे. 'ओपन ॲक्सेस' यास मराठीत कोणी 'मुक्त प्रवेश' म्हणतो, कोणी 'खुली उपलब्धता', तर कोणी 'मोफत वाचन'. या तीन शब्दांत तीन निरनिराळे व्यवहार आहेत. 'मोफत' म्हणजे वाचकाकडून किंमत न घेणे. 'खुले' म्हणजे दार लोटलेले नसणे. ते उद्या लोटता येते. 'मुक्त' म्हणजे बंधनातून सुटलेले. २००२ च्या फेब्रुवारीतील बुडापेस्ट जाहीरनाम्यास अभिप्रेत होता तो तिसरा अर्थ: लेख वाचणे, उतरविणे, त्याच्या प्रती काढणे, वाटणे, शोधणे, हे सर्व कोणासही करता यावे, लेखकाचे श्रेय आणि लेखाची अखंडता तेवढी जपावी. प्रत्यक्षात 'मुक्त' या नावाखाली पहिल्या दोन अर्थांचाच व्यवहार पुष्कळ होतो.

शिवाय 'मोफत' हे विशेषण कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न उरतोच. अनेक नियतकालिकांत वाचकाचे देणे लेखकाच्या नावे टाकले गेले आहे. 'नेचर'ने २०२१ पासून लेख खुला ठेवण्यासाठी लेखकाकडून ९,५०० युरो आकारण्याचे धोरण जाहीर केले. वाचता येत नाही ही अडचण दूर होऊन लिहिता येत नाही ही अडचण आली, तर गरीब देशातील संशोधकाने आनंद मानावा असे त्यात काही नाही. कुलूप निघाले ते मागील दारास लावले, एवढेच.

दोन्ही दारे उघडी ठेवता येतात याचे उदाहरण मुंबईतच घडलेले आहे, आणि ते पुरेसे सांगितले जात नाही, ही खेदाची गोष्ट होय. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक १९५५ पासून निघत आहे. मुंबईत १९९७ मध्ये निघालेल्या मेडनो या संस्थेने हे व असे अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिक जाळ्यावर आणले. त्यांपैकी बहुतेकांनी त्या काळी वाचकाकडूनही पैसे घेतले नाहीत आणि लेखकाकडूनही नाहीत. छापील अंकाची विक्री, जाहिराती आणि वैद्यक संघटनांचे साह्य यांवर गाडा चालविला. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशनसंस्थेने मेडनो विकत घेतली. या घटनेचा बोध दुहेरी आहे: ज्ञान मुक्त ठेवण्याची रीत येथे सापडली होती, पण ज्या संस्थेवर ती रीत उभी होती ती विकली जाऊ शकत होती.

'मोफत' आणि 'हक्क' यांतील अंतर याहून स्पष्ट दिसते ते सवलतीच्या योजनांत. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या जानेवारीत मोठ्या प्रकाशकांच्या सहकार्याने 'हिनारी' ही योजना सुरू केली. तीमुळे गरीब देशांतील आरोग्यसंस्थांना हजारो नियतकालिके विनामूल्य वा अल्प दरात वाचता येऊ लागली. तिचे मोल मान्य केलेच पाहिजे. परंतु भारत त्या यादीत नव्हता. दरडोई उत्पन्न थोडे असले तरी येथे प्रकाशकांचे गिऱ्हाईक होते. आणि २०११ च्या जानेवारीत बांगलादेशातील संस्थांना काही प्रकाशकांची नियतकालिके या योजनेतून एकाएकी मिळेनाशी झाली. जगभर टीका झाल्यावर ती पुन्हा देण्यात आली. करोनाच्या साथीत २०२० मध्ये प्रकाशकांनी त्या रोगाविषयीचे लेख तात्पुरते सर्वांस खुले केले. हे कृत्य स्वागतार्हच होते. मात्र त्यातून एक कबुली निघते: मनात आणले तर दार उघडता येते. म्हणजे ते फुगलेले नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी याच्या उलट मार्ग धरला. सरकारी पैशाने झालेल्या संशोधनाचे हस्तलिखित सार्वजनिक भांडारात ठेवण्याची सक्ती तेथे २००८ पासून झाली. तेव्हा १२ महिन्यांपर्यंत विलंब चालत असे, २०२५ च्या १ जुलैपासून तोही काढून टाकण्यात आला. सवलत मागे घेता येते. अट मोडता येत नाही.

प्रकाशकांच्या बाजूने सांगण्यासारखे काही नाही असे मुळीच नाही. तपासणीची व्यवस्था लावणे, भाषा व आकृत्या दुरुस्त करणे, लेख शतकानुशतके जतन करणे आणि चूक उघडकीस आल्यास लेख मागे घेणे, ही कामे खर्चाची आहेत. देवीबरोबरच्या लढ्यानंतरच्या काळात लसीकरणास सर्वांत मोठा धक्का देणारा अँड्रू वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. असे निर्णय घेणारी संपादकीय संस्था वैद्यकास हवीच असते. वाद त्या खर्चाविषयी नाही. वाद हा की किंमतीचा त्या खर्चाशी असलेला संबंध कोणासही दाखविला जात नाही.

भारतात या प्रश्नाचे उत्तर सामुदायिक खरेदीत शोधले गेले. कर्नाटकातील राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये 'हेलिनेट' हा संघ उभारला. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००८ मध्ये 'ईआरमेड' हा संघ सुरू केला. याच विचाराची परिणती म्हणजे केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या २५ नोव्हेंबरला मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा व्याप जाहीर झाला. दरडोई हिशेब केला तर वर्षाला १,१०० रुपयांच्या आसपास रक्कम येते. एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती फार नव्हे. आजवर ज्या शासकीय महाविद्यालयास परदेशी नियतकालिकांची आशा करणेही शक्य नव्हते, त्यास ती एकदम मिळाली, हा लाभ लहान नाही.

तथापि योजनेच्या नावातील दोन शब्द तपासून पाहावे लागतात. 'राष्ट्र' या शब्दाची व्याप्ती पहिल्या टप्प्यात सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधनसंस्था एवढीच आहे. खाजगी वैद्यकीय महाविद्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, धर्मादाय रुग्णालय आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा डॉक्टर हे त्या राष्ट्राच्या सीमेबाहेर राहतात. आणि रुग्णांचा मोठा भाग याच लोकांच्या हाती असतो. 'सबस्क्रिप्शन' या शब्दाविषयी वर सांगितलेच आहे. एका राष्ट्राने घेतलेला परवाना हा एका महाविद्यालयाने घेतलेल्या परवान्याहून मोठा असतो, वेगळा नसतो. मुदत संपताना मागील अंकांवर वाचकांचा हक्क उरतो की नाही, दरवाढीस मर्यादा कोणती आणि बोलणी फिसकटल्यास काय करावयाचे, हे प्रश्न आता एका ग्रंथपालाचे राहिले नसून सर्व देशाचे झाले आहेत. सर्व अंडी एकाच टोपलीत ठेवणाऱ्याने टोपलीचा दांडा कोणाच्या हातात आहे हे पाहून ठेवावे.

या सर्व विवेचनातून शब्दयोजनेविषयी तीन सूचना निष्पन्न होतात. पहिली ही की, मुदतीच्या परवान्यासाठी दिल्या जाणाऱ्या रकमेस ग्रंथालयांनी आपल्या अहवालात 'वर्गणी' न म्हणता 'भाडे' म्हणावे आणि ती पुस्तकखरेदीच्या रकान्यात न दाखविता स्वतंत्र दाखवावी. असे केल्यास वर्षाअखेर संग्रहात किती भर पडली आणि किती रक्कम केवळ वाहून गेली, हे विद्यापीठाच्या अधिकारी मंडळांस एका दृष्टिक्षेपात कळेल. दुसरी ही की, 'मुक्त' हे विशेषण बुडापेस्टच्या अर्थी ज्यास लागू पडते त्यासच लावावे. बाकीच्यांस 'सध्या खुले' किंवा 'वाचकास मोफत' असे म्हणावे आणि लेखकाने किती दिले याची नोंद करावी. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, ही की 'लेख उघडत नाही' हे वाक्य ग्रंथालयाच्या तक्रारवहीतून काढून टाकावे. त्या जागी कर्ता असलेले वाक्य लिहावे: अमुक प्रकाशकाने हा लेख अमुक रकमेच्या अभावी बंद ठेवला आहे, अमुक तारखेस अमुक विभागातील वाचकास तो हवा होता, त्याऐवजी त्याने अमुक केले. अशा नोंदी वर्षभर साठल्या तर पुढील कराराच्या वेळी ग्रंथपालाच्या हाती गाऱ्हाणे नव्हे, पुरावा असेल.

शब्द बदलल्याने किंमती उतरत नाहीत, ही गोष्ट उघड आहे. परंतु ज्या वाक्यास कर्ता नाही त्या वाक्यातील अन्यायाचा जाब कोणास विचारता येत नाही. वैद्यकीय ग्रंथालयांतील नित्याच्या बोलण्यात प्रथम हा कर्ता परत आणला पाहिजे. किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न त्यानंतरच विचारता येईल.